रेंजरची गाडी आणि खेळातले रान

या वेळी सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच गाडीविषयी आहेत. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' या खुल्या जगाच्या खेळात शहराबाहेरच्या डोंगराळ भागात पार्क रेंजरची, म्हणजे उद्यानाच्या रक्षकाची, गस्तीची गाडी फिरताना दिसते. पोलिसांच्या गाड्या, शर्यतीच्या गाड्या आणि लष्करी वाहने यांच्यावर पुष्कळ लिहिले जाते, पण ही गाडी बहुतेकांच्या नजरेतून निसटते. वाचकांनी मात्र तिच्याबद्दल अगदी नेमके प्रश्न विचारले आहेत. त्यांना सविस्तर उत्तरे देता यावीत म्हणून या अंकाचे सदर संपूर्णपणे याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : महोदय, खेळात डोंगराच्या रस्त्यावर मला एकदा पांढऱ्या रंगाची, हिरव्या पट्ट्याची मोठी गाडी दिसली. ती शेरीफच्या, म्हणजे जिल्हा पोलिसांच्या, गाडीसारखीच वाटली, पण तिच्यावर पार्क रेंजर असे लिहिलेले होते. ती नेमकी कोणती गाडी आहे आणि खात्रीने कुठे सापडते?

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. शेरीफची मोठी गाडी आणि रेंजरची गाडी या दोन्ही मुळात एकच आहेत. खेळातील डेक्लास या काल्पनिक कंपनीची ग्रेंजर नावाची एक लांबरुंद एसयूव्ही आहे, जिच्या घडणीवर शेव्हरोले सबर्बन या खऱ्या गाडीची छाप स्पष्ट दिसते. निर्मात्यांनी ग्रेंजरचा सांगाडा एकदा तयार केला आणि त्यावरून अनेक खात्यांची वाहने बनवली. शेरीफची काळी-पांढरी गाडी, एफआयबी या काल्पनिक तपास यंत्रणेची काळी गाडी, समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षकांची पिवळी गाडी आणि आपण पाहिलेली रेंजरची पांढरी गाडी ही सगळी एकाच घरातली भावंडे आहेत. खेळाच्या फाइलींमध्ये रेंजरच्या गाडीचे नाव 'पीरेंजर' असे आहे. 'शेरीफ२', 'एफबीआय२' आणि 'एलगार्ड' ही तिच्या भावंडांची अंतर्गत नावे आहेत.

ही गाडी सॅन अँड्रियास स्टेट पार्क रेंजर्स या काल्पनिक राज्य खात्याची आहे. खेळातले सॅन अँड्रियास हे राज्य कॅलिफोर्नियावर बेतलेले असल्यामुळे हे खातेही कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यान विभागावरून घेतलेले आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय उद्यान सेवेशी त्याची गल्लत करू नये, कारण अमेरिकेत ही दोन वेगवेगळी खाती आहेत आणि त्यांचे रेंजरही वेगळे आहेत.

गाडी शोधायची असेल तर बीव्हर बुश रेंजर स्टेशन हे सर्वांत सोयीचे ठिकाण आहे. लॉस सँटोस शहराच्या उत्तरेला, व्हाइनवूडच्या टेकड्यांमध्ये हे छोटे ठाणे आहे आणि त्याच्या आवारात ती उभी असलेली आढळते. चिलियाड पर्वताच्या आसपासच्या राखीव रानातही ती गस्तीवर फिरते, पण तिथे तिची गाठ पडणे योगायोगावर अवलंबून असते. खेळ स्मृतीची बचत करण्यासाठी खेळाडूच्या आसपासचीच वाहने निर्माण करतो आणि दूर गेल्यावर ती पुसून टाकतो, म्हणून एखाद्या वळणावर ती दिसली आणि आपण मागे वळून आलो तर ती तिथे असेलच असे नाही. ठाण्यावर ती दिसली नाही तर थोडे लांब जाऊन परत यावे. रेंजरसमोर गाडी पळवली तर वाँटेड तारा लागतो, म्हणजे पोलिस मागे लागतात, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : खेळातले रेंजर पोलिसांसारखेच पिस्तूल काढतात आणि गोळ्या झाडतात. रानाची देखभाल करणाऱ्या माणसाला असे अधिकार प्रत्यक्षात असतात का, की ही खेळाची अतिशयोक्ती आहे? माझ्या मुलाने हा प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : अधिकाराबाबत खेळ चुकलेला नाही. कामाबाबत मात्र तो फार अपुरा आहे, आणि आपल्या मुलाला दोन्ही गोष्टी सांगाव्यात असे मला वाटते.

कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांचे रेंजर हे कायद्याने पूर्ण अधिकार असलेले शांतता अधिकारी असतात. तेथील दंडसंहितेच्या कलम ८३०.२ मध्ये उद्यान विभागाच्या या अधिकाऱ्यांचा समावेश आहे. ते शस्त्र बाळगतात, दंडाची पावती फाडतात आणि अटकही करतात. विशेष म्हणजे राज्य उद्यानांचे कायमस्वरूपी जीवरक्षकही याच वर्गात मोडतात, म्हणजे लाटांतून माणूस ओढून काढणारा अधिकारी किनाऱ्यावर आल्यावर गुन्हेगाराला अटकही करू शकतो. लॉस एंजेलिस काउंटीचे (जिल्ह्याचे) जीवरक्षक मात्र तेथील अग्निशमन विभागाचा भाग आहेत.

हा अधिकार आला कुठून, याचा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. १८६४ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारने योसेमिटीचे खोरे आणि मॅरिपोसाची महावृक्षांची राई कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन केली, आणि १८६६ मध्ये गॅलन क्लार्क यांची त्या जागेचे पालक म्हणून नेमणूक झाली. १८७२ मध्ये यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, पण घोषणा झाली म्हणून शिकारी थांबले नाहीत. १८८० मध्ये हॅरी यौंट नावाच्या गृहस्थांना तेथे वन्यजीवांच्या रक्षणासाठी नेमण्यात आले. एवढ्या अफाट प्रदेशात एकटा माणूस काहीही करू शकत नाही हे त्यांनी थोड्याच काळात ओळखले, आणि लहान पण विश्वासू असे पोलिस दल नेमावे अशी शिफारस करून ते १८८१ मध्ये नोकरी सोडून गेले. त्यांची शिफारस तत्काळ कोणी ऐकली नाही. १८८६ मध्ये यलोस्टोनचे रक्षण लष्कराकडे सोपवावे लागले आणि १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन होईपर्यंत घोडदळाचे सैनिक तेथे गस्त घालत होते. योसेमिटी आणि सिक्वोया या उद्यानांतही सैनिकांच्या तुकड्या जात असत, आणि त्यांत कृष्णवर्णीय घोडदळाच्या तुकड्याही होत्या. रेंजरच्या गणवेशातली रुंद काठाची ताठ टोपी त्या लष्करी काळाची आठवण देणारी आहे. पुढे १९७६ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांच्या रेंजरांना कायदा अंमलबजावणीचे अधिकार स्पष्टपणे मिळाले. थोडक्यात, रानातली पोलिसी ही रान वाचवण्याच्या गरजेतून निर्माण झाली, आणि ही गरज सिद्ध व्हायला बराच काळ गेला.

आता अपुरेपणाबद्दल. प्रत्यक्षातल्या रेंजरचा दिवस हरवलेला गिर्यारोहक शोधण्यात, मनाई असताना पेटवलेली शेकोटी विझवायला लावण्यात, तंबूंच्या जागांची फेरी करण्यात आणि वाटेत पडलेले झाड दूर करण्यात जातो. पावती फाडण्याआधी तो बहुधा समज देतो. खेळातल्या रेंजरला यांपैकी एकही गोष्ट येत नाही. त्याला पोलिसांचीच वागणूक दिलेली आहे, फक्त गणवेश निराळा आहे. ज्या खेळात हरणे, कोयोटी आणि डोंगरी सिंह रानातून मोकळे फिरतात आणि शिकारीची स्वतंत्र कामगिरी आहे, त्या खेळात शिकाऱ्याचा परवाना विचारायला रेंजर येत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. एवढे सुंदर रान उभारल्यावर त्याच्या राखणदाराकडे थोडे अधिक लक्ष द्यायला हवे होते.

प्रश्न : २००४ च्या, याच मालिकेतल्या 'सॅन अँड्रियास' या खेळात रेंजर नावाची गाडी होती. तीच ही गाडी आहे का?

उत्तर : नाही. त्या खेळातली रेंजर ही ग्रामीण भागातल्या पोलिसांची उंच, चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडी होती, आणि ती शहराबाहेरच्या काउंट्यांमध्ये फिरत असे. तिचा उद्यान खात्याशी काही संबंध नव्हता. तिच्यात बसून गुन्हेगारांचा पाठलाग करण्याच्या उपकामगिऱ्या करता येत असत, हा तिचा मोठा गुण होता. नव्या खेळातल्या रेंजरच्या गाडीला निदान आपले स्वतःचे खाते आणि ठाणे मिळाले आहे.

प्रश्न : ठाण्यावरून रेंजरची गाडी घेऊन मी चिलियाड पर्वतावर जाण्याचा प्रयत्न करतो. चढ जमतो, पण आडव्या उतारावर ती वारंवार उलटते. माझे चालवणे चुकते आहे की खेळात गाडीच तशी बनवली आहे? खऱ्या गाडीचेही असेच होते का?

उत्तर : तिन्ही गोष्टींत थोडे थोडे तथ्य आहे, आणि प्रश्न समजून घेण्यासारखा असल्याने मी खऱ्या गाडीपासून सुरुवात करतो.

कोणतीही गाडी उलटेल की नाही हे ठरवणारा एक साधा आकडा आहे. डाव्या आणि उजव्या चाकांच्या मध्यांमधले अंतर घ्यावे आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून जितका उंच असेल त्याच्या दुपटीने त्याला भागावे. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था याच गुणोत्तराच्या आधारे गाड्यांना उलटण्याच्या धोक्याचे मानांकन देते. सामान्य मोटारींसाठी हा आकडा साधारण १.३ ते १.५ असतो, उंच एसयूव्हींसाठी तो १.० ते १.३ च्या दरम्यान येतो. नमुन्यादाखल, चाकांमधले अंतर १.७ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.७५ मीटर उंचीवर असेल तर उत्तर १.१३ येते. अशी गाडी कागदावर सुमारे ४८.५ अंशांच्या आडव्या उतारावर स्थिर उभी असताना तोल घालवेल. प्रत्यक्षात ती त्याच्या बरीच आधी उलटेल, कारण उतारावर ती हलत असते, एका बाजूच्या स्प्रिंगा दबतात आणि एखादे चाक दगडावर चढते.

सपाट डांबरी रस्त्यावर मात्र वेगळेच घडते. कोरड्या डांबरावर टायरची पकड, म्हणजे घर्षणाचा गुणांक, सामान्यतः ०.७ ते ०.९ इतकी असते, म्हणजे १.१३ या आकड्यापेक्षा कमी. त्यामुळे फार जोरात वळवलेली गाडी उलटण्याआधी घसरते. ती उलटते ती बहुधा घसरता घसरता चाक मऊ मातीत रुतल्यावर, चरात अडकल्यावर किंवा कडेच्या दगडाला आपटल्यावर. एकट्या गाडीच्या उलटण्याच्या अपघातांपैकी सुमारे ९५ टक्के अपघात अशा अडखळण्यातून होतात, असे त्याच संस्थेचे सांगणे आहे. रानातल्या रस्त्यावर चर, दगड आणि मऊ कडा पावलोपावली असल्यामुळे रेंजर तेथे गाडी हळू चालवतात.

आता खेळाकडे येऊ. या खेळात प्रत्येक गाडीचे वागणे 'हँडलिंग' नावाच्या फाइलीतल्या आकड्यांवरून ठरते. तिथे गाडीचे वस्तुमान असते, गुरुत्वमध्य किती वर-खाली सरकवायचा ते असते, गाडी किती उंच उचलायची ते असते, पुढच्या आणि मागच्या चाकांना किती शक्ती द्यायची तेही असते. या शेवटच्या आकड्यात ० म्हणजे सगळी शक्ती मागच्या चाकांना आणि १ म्हणजे सगळी पुढच्या चाकांना. टायरच्या पकडीचा आकडा मात्र खऱ्या जगापेक्षा बराच मोठा ठेवलेला असतो, आणि बहुतेक गाड्यांसाठी तो २ च्या आसपास आहे. गाडी पटकन वळावी, भरधाव पाठलागात ती हातात राहावी, म्हणून निर्मात्यांनी हे केले असावे असा माझा तर्क आहे. पण पकड इतकी वाढवली की खरी गाडी जिथे घसरली असती तिथे खेळातली गाडी घसरत नाही, चाके जमिनीला धरून राहतात आणि वरचा भाग बाहेरच्या बाजूला झुकून ती उलटते. उंच गाडीत हे अधिक जाणवते. आपली गाडी वारंवार उलटते त्याचे मोठे कारण हे आहे.

चालवण्याच्या बाबतीत आपण दोन गोष्टी बदलून पाहाव्यात. पहिली, आडवा उतार कापत जाण्याऐवजी शक्य तिथे सरळ वर किंवा सरळ खाली जावे. दुसरी, गाडी कलू लागली की आपण स्वाभाविकपणे वरच्या बाजूला वळतो आणि नेमके तेव्हाच ती उलटते. तिला उताराच्या दिशेने, म्हणजे ज्या बाजूला कलते आहे त्या बाजूला वळवावे, म्हणजे चाके परत तिच्या वजनाखाली येतात. खऱ्या डोंगरी चालकांनाही हेच शिकवतात. एवढे करूनही ती छतावर आडवी झालीच, तर या खेळात डावी-उजवी कळ दाबून ती पुन्हा चाकांवर आणता येते. ही सवलत खऱ्या रेंजरला नसते.

उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवू नये, हाही सल्ला आपल्याला वास्तवात उपयोगी पडेल. लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होतात, म्हणून खरा चालक खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधावर उतरतो. रानातल्या चांगल्या गाड्यांना याचसाठी कमी वेगाचा वेगळा गिअरसंच असतो. खेळात ब्रेक तापत नाहीत आणि असा गिअरसंचही नाही, त्यामुळे तिथे हा धडा शिकायला मिळत नाही.

प्रश्न : मी आणि माझे दोन मित्र मिळून एक लहान खुल्या जगाचा खेळ बनवत आहोत. त्यात खेळाडू एका उद्यानाचा रेंजर आहे आणि त्याच्याकडे एक गस्तीचा पिकअप ट्रक आहे. शस्त्रे आणि पाठलाग आम्हाला नको आहेत. पण मग त्या ट्रकने खेळाडूने करायचे काय, यावर आमचे अडले आहे. मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपले पत्र वाचून फार आनंद झाला, आणि मी याचे उत्तर मनापासून व जरा लांब देणार आहे.

सुरुवात ट्रकच्या पाठीवर काय आहे इथून करावी. रेंजरच्या गाडीची ओळख तिच्या रंगापेक्षा तिच्या सामानात असते. कॅलिफोर्नियासारख्या वणव्यांच्या प्रदेशात गस्तीच्या ट्रकवर अनेकदा पाण्याची टाकी आणि लहान पंप बसवलेला असतो. अमेरिकेतल्या वणवा विझवणाऱ्या वाहनांच्या प्रमाणित वर्गवारीत सर्वांत हलक्या सातव्या वर्गाच्या वाहनावर किमान ५० गॅलन, म्हणजे सुमारे १९० लिटर पाणी असावे लागते, आणि सहाव्या वर्गाच्या वाहनावर किमान १५० गॅलन, म्हणजे सुमारे ५७० लिटर. एवढ्या पाण्याने वणवा विझत नाही, पण पेटू लागलेले झुडूप किंवा नीट न विझवलेली शेकोटी नक्की विझते. आग लहान असतानाच कोणीतरी तिथे पोहोचणे ही गस्तीची खरी किंमत आहे, आणि हे आपल्या खेळाचे मूळ सूत्र होऊ शकते : लवकर पोहोचलात तर पाणी पुरते, उशीर झाला तर पुरत नाही.

पाणी जड असते, याचा उपयोग करावा. आधीच्या उत्तरातली गाडी २,५०० किलोची धरली आणि तिच्यावर १.३ मीटर उंचीवर ५७० किलो पाणी ठेवले, तर तिचा गुरुत्वमध्य ०.७५ वरून सुमारे ०.८५ मीटरवर जातो आणि स्थिरतेचा आकडा १.१३ वरून १.० पर्यंत घसरतो. भरलेली टाकी घेऊन निघालेला खेळाडू वळणावर धिमा झाला पाहिजे आणि टाकी रिकामी करून परतणारा मोकळेपणाने चालवू शकला पाहिजे. अर्धी भरलेली टाकी कधी कधी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा त्रासदायक ठरते, कारण वळणात पाणी एका बाजूला धावते, म्हणून खऱ्या टाक्यांमध्ये आडवे पडदे बसवतात. खेळाडूने पाणी किती भरून निघायचे हा निर्णय रोज सकाळी त्याच्यावर सोपवला, तर शस्त्राविनाही गस्तीत ताण निर्माण होईल.

हत्यारे म्हणून दोन अवजारे अवश्य ठेवावीत. पुलास्की हे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखे पाते असलेले अवजार आहे. एड पुलास्की या अमेरिकी वन सेवेच्या रेंजरच्या नावावरून ते ओळखले जाते. ऑगस्ट १९१० च्या महाभयंकर वणव्यात या पुलास्की यांनी आपल्या माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेऊन त्यांतल्या बहुतेकांचे प्राण वाचवले होते. दुसरे अवजार मॅक्लाउड, रुंद दातेरी दंताळे आणि खुरपे एकत्र केलेले, जे कॅलिफोर्नियात, अमेरिकी वन सेवेत १९०५ च्या सुमारास घडले. या दोहोंनी जमीन उघडी करून आगीची वाट तोडणारी पट्टी खोदतात. खेळाडूला अशी पट्टी स्वतः खणावी लागली, तर जळाऊ पाचोळा, उतार आणि वारा यांचे नाते तो आपोआप शिकेल, कारण आग चढावर वेगाने चढते आणि उतारावर मंदावते.

नंतर रेडिओ. दरीत रेडिओ पोहोचत नाही, डोंगरमाथ्यावर पोहोचतो. मोठ्या उद्यानांत शिखरांवर संदेश पुढे पाठवणारी केंद्रे असतात आणि तरीही काही खोऱ्यांत आवाज जात नाही. ही अडचण आपल्या नकाशात प्रामाणिकपणे ठेवावी. जखमी माणूस दरीत सापडला आणि मदत मागवण्यासाठी ट्रक घेऊन माथ्यावर जावे लागले, तर त्या माणसाला एकटे सोडण्याचा निर्णय खेळाडूला घ्यावा लागेल. असा प्रसंग मला कोणत्याही पाठलागापेक्षा अधिक पकड घेणारा वाटतो.

यानंतर प्राणी. योसेमिटीत १९९८ मध्ये अस्वलांनी गाड्या फोडल्याच्या आणि अन्न पळवल्याच्या १,५०० हून अधिक घटना नोंदल्या गेल्या. लोक गाडीत खाण्याचे पदार्थ ठेवत, अस्वले काचा फोडत आणि दारे वाकवत. हा प्रश्न बंदुकीने सुटला नाही. तंबूंच्या जागी आणि वाहनतळांवर लोखंडी, अस्वलाला न उघडणाऱ्या पेट्या बसवण्यात आल्या, अन्न त्यांतच ठेवण्याचा नियम कडक करण्यात आला, रात्रीच्या फेऱ्या वाढवण्यात आल्या आणि वस्तीत येणाऱ्या अस्वलांना मोठ्या आवाजाने हाकलले जाऊ लागले. पुढच्या काळात अशा घटना ९० टक्क्यांहून अधिक कमी झाल्या. आपल्या खेळात रेंजरच्या यशाचे मोजमाप असेच असावे. त्याने किती प्राणी पकडले यापेक्षा त्याच्या फेरीमुळे किती घटना घडल्याच नाहीत, हे महिन्याच्या शेवटी नोंदवहीत दिसावे. न घडलेली गोष्ट खेळाडूला जाणवून देणे अवघड आहे, हे मी जाणतो. त्यासाठी पहिल्या काही दिवसांत बेफिकीर पर्यटक, फुटलेल्या काचा आणि वस्तीला सोकावलेले एक ठरावीक अस्वल खेळाडूला जवळून दाखवावे, म्हणजे पुढे ते अस्वल तंबूंपासून दूर, नदीकाठी चरताना दिसले की त्याला आपल्या कामाचे मोल आपोआप कळेल.

ट्रकच्या वेगाविषयी आग्रहाने सांगतो : तो मंद ठेवावा. बहुतेक खुल्या जगाच्या खेळांत गाडी ही दोन कामगिऱ्यांमधले अंतर मिटवण्यासाठी असते. गस्तीत ते अंतर हेच काम असते. ताशी २५ ते ३० किलोमीटरने मातीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाच कडेचा ताजा चाकोरा, झाडांवर उगवलेली धुराची रेघ आणि कुलूप तोडलेले फाटक दिसते. खेळाडूने वेग वाढवला तर त्याला शिक्षा करू नये, फक्त वेगात त्याला या खुणा दिसू नयेत.

किल्ल्यांचा जुडगाही विसरू नये. उद्यानातले सेवामार्ग साखळदंडाने बंद असतात, आणि रेंजरच्या ट्रकला ते खुले असतात. कोणते फाटक उघडायचे, कोणते पुन्हा बंद करायचे आणि पावसानंतर कोणता रस्ता लोकांसाठी बंद ठेवायचा, एवढ्यावरून नकाशाचा अर्थ दररोज बदलता येईल.

प्रश्न : संगणकावरच्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' मध्ये मला रेंजरच्या गाडीवर स्वतः काढलेले पट्टे आणि बोधचिन्ह लावायचे आहे, शिवाय छतावरचे दिवे बदलायचे आहेत. खेळातल्या गॅरेजवाल्याने गाडी घेण्यास नकार दिला. हे कसे करावे आणि दिव्यांचे कोणते रंग खरे वाटतील?

उत्तर : लॉस सँटोस कस्टम्स हे खेळातले गॅरेज पोलिसी आणि आपत्कालीन गाड्यांवर काम करत नाही, त्यामुळे हे बदल मॉडच्या, म्हणजे खेळाच्या फाइलींत चाहत्यांनी केलेल्या फेरफाराच्या, मार्गानेच करावे लागतील. संगणकावरची आवृत्ती १४ एप्रिल २०१५ रोजी आली आणि त्याच वर्षी पोलिसाची भूमिका करू देणारे 'एलएसपीडीएफआर' हे प्रसिद्ध मॉडही आले, म्हणून या कामाची पुष्कळ जुनी आणि चांगली साधने उपलब्ध आहेत. पट्टे आणि बोधचिन्ह हे गाडीच्या पृष्ठचित्रात असतात आणि ते चित्र बदलले की गाडीचा चेहरा बदलतो. दिव्यांची मांडणी, त्यांचा रंग आणि लुकलुकण्याचा क्रम 'कारकोल्स' नावाच्या फाइलीत असतो. गाडी कायद्याच्या बाजूची आहे की नाही, हे 'व्हेइकल्स' फाइलीतल्या खुणेवर ठरते. ती खूण चुकूनही काढू नये, नाहीतर सायरन आणि रेंजर चालकाचे वागणे बिघडू शकते. मूळ फाइलींना हात न लावता मॉडसाठी ठेवलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये प्रतींवर काम करावे.

रंगांबद्दल कॅलिफोर्नियाचा वाहन कायदा आपल्याला नेमके उत्तर देतो. तेथील आपत्कालीन वाहनावर समोरच्या बाजूला किमान एक न लुकलुकणारा लाल दिवा असावा लागतो, आणि तो १,००० फुटांवरून दिसला पाहिजे. निळा दिवा मात्र शांतता अधिकाऱ्यांच्या वाहनांनाच वापरता येतो. राज्य उद्यानाचे रेंजर शांतता अधिकारी असल्याने त्यांच्या गाडीवर लाल आणि निळा दोन्ही शोभतात. वणवा विझवणाऱ्या ट्रकवर निळा दिवा लावला तर जाणकार लगेच चूक काढतील. मागच्या बाजूला पिवळसर दिवे दिले तर रस्त्याच्या कडेला थांबलेली गाडी अधिक खरी वाटेल.

एक गंभीर सूचना. हे सगळे फक्त एकट्याने खेळायच्या कथाभागात करावे. सप्टेंबर २०२४ पासून संगणकावरच्या ऑनलाइन भागात बॅटलआय ही फसवणूकविरोधी प्रणाली लागू आहे, आणि बदललेल्या फाइलींसह ऑनलाइन गेल्यास खाते बंद होऊ शकते. मॉड घातलेली प्रत सुरू करताना बॅटलआय बंद ठेवावे, आणि मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे असेल तेव्हा मॉडचे फोल्डर बाजूला काढून, मूळ फाइली पडताळून घेऊन मगच खेळ सुरू करावा. मित्रांसह रेंजरची भूमिका करण्याची इच्छा असेल तर फाइव्हएम या वेगळ्या ऑनलाइन मंचावर चालणारे भूमिकानाट्याचे सर्व्हर हा वेगळा मार्ग आहे. फाइव्हएम चालवणारी संस्था ऑगस्ट २०२३ मध्ये रॉकस्टार या खेळाच्या निर्मात्या कंपनीचा भाग झाली. अशा सर्व्हरवर गाड्यांच्या फाइली सर्व्हर चालवणारा स्वतः पुरवतो, म्हणून आपली रंगवलेली गाडी त्याच्याकडे पाठवावी आणि त्याच्या परवानगीनेच ती तिथे उतरवावी.